एक्क्याण्णव टक्के मन

इंद्रजित खराडेचा तपासणी-अहवाल आला, तेव्हा तो शिरोलीच्या एका चार्जिंग स्टेशनवर उकिडवा बसून मीटरच्या तळाचं सील तपासत होता. तो वजनमापे निरीक्षक होता. त्याच्या आधीच्या पिढीतले निरीक्षक पेट्रोल पंपांवर पाच लिटरचं माप घेऊन फिरायचे. इंद्रजित प्रमाण मीटर घेऊन फिरायचा आणि पडद्यावर दिसते तेवढी वीज गाडीत खरंच जाते का, हे पाहायचा. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्याचा एका गोष्टीवर पक्का विश्वास बसला होता. माणूस काहीही सांगेल, आकडा काय तो खरा.

हात पुसून त्याने फोन पाहिला. अहवाल तासाभरापूर्वीच आला होता आणि एकदा उघडलाही गेला होता. घरातल्या सगळ्यांचं मिळून एक आरोग्य खातं होतं आणि ते तेजस्विनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, नंबरवर होतं. लेकीच्या लसी, तिचे चष्म्याचे नंबर, सगळं त्यातच यायचं. हेही त्यातच आलं होतं.

अहवालात पाच ओळी होत्या. रक्तवाहिन्या, तीन टक्के. मज्जातंतू, दोन. हार्मोन, चार. औषधांचे परिणाम, शून्य. मन, एक्क्याण्णव. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं की पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराची शक्यता अगदी कमी आहे.

इंद्रजितला एकदम हलकं वाटलं. त्याचे वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले होते, त्याआधी दहा वर्षं मधुमेहाने त्यांना पोखरलं होतं. तो स्वतः आता एक्केचाळीस वर्षांचा होता. येताना त्याने मोतीचुराचे लाडू घेतले.

तेजस्विनी शाळेतून येऊन वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मुलींच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायची. दोन तासांच्या मध्ये, स्टाफरूममध्ये बसून तिने अहवाल वाचला होता. इंद्रजितने लाडवांचा पुडा ओट्यावर ठेवला आणि हृदय ठणठणीत आहे, साखर नाही, काही नाही, असं सगळं भराभर सांगितलं. तिने हातातली घडी पूर्ण केली.

"म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. पण लाडवांचा पुडा रात्रीपर्यंत तसाच बांधलेला राहिला.

*

ही गोष्ट सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. आधी एकदा झालं, मग दोनदा. थकवा असेल म्हणून दोघांनी सोडून दिलं. मग प्रत्येक वेळी होऊ लागलं. इंद्रजितला बायको हवीशी वाटायची, तो जवळ यायचा, आणि ऐन वेळी शरीर पाठ फिरवायचं. ताठरता यायचीच नाही, किंवा येऊन क्षणात जायची. तो उठून पाणी प्यायला जायचा आणि पंधरा-वीस मिनिटं स्वयंपाकघरात उभा राहायचा.

मित्रांना सांगायची ही गोष्ट नव्हती. त्याने चोरून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, दुकान घरापासून तीन किलोमीटरवरचं निवडलं. त्यांचाही उपयोग झाला नाही. शेवटी एका दुपारी त्याने तेजस्विनीलाच सांगितलं की बहुतेक साखरेचं असेल, वडिलांकडून आलेलं. तिने ते मनापासून मान्य केलं. त्या दिवसापासून घरात या प्रकाराला 'तुमची साखर' असं नाव पडलं. रक्तात साखर सापडत नव्हती, तरी नाव टिकलं. तिने त्याच्या चहातली साखर बंद केली, त्याने तंबाखू सोडली. संध्याकाळी दोघं रंकाळ्याला फेऱ्या मारू लागले. आजार दोघांचा झाला होता, आणि आजारी माणसाशी वागावं तशी ती त्याच्याशी मायेने वागत होती. त्या दिवसांत अंथरुणात काही होत नसे, पण फेऱ्या मारताना ती त्याचा हात धरत असे.

मग सरकारने चाळिशीपुढच्या पुरुषांसाठी निदानपट्ट्याची तपासणी मोफत केली, आणि तिनेच त्याचं नाव नोंदवलं.

ताराबाई पार्कातल्या केंद्रात डॉ. समीना मुजावर होत्या. समोर बाई पाहून इंद्रजित दारातच अडखळला होता, पण डॉक्टरांना त्याची सवय असावी. त्यांनी दोघांना बसवलं आणि पट्टा टेबलावर ठेवला. बोटभर रुंद, मऊ, रबरासारखा.

त्यांनी सांगितलं ते इंद्रजितला पूर्ण कळलं, कारण ते मीटर समजावून सांगावं तसं होतं. ताठरता म्हणजे मुळात रक्ताचा खेळ. मेंदूतून निघालेला निरोप मज्जातंतूंतून खाली येतो, त्यांच्या टोकांशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, आणि स्पंजासारख्या पोकळ्यांत रक्त भरतं. भरलं की बाहेर जायच्या वाटा दाबल्या जातात आणि रक्त तिथेच थांबतं. या साखळीतली कुठलीही कडी तुटू शकते. मधुमेह मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही खातो. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, चरबी वाहिन्यांच्या भिंती कडक करतात. रक्तदाबाची आणि नैराश्याची काही औषधंही आड येतात. हार्मोन कमी पडले की इच्छाच मंदावते. तिथल्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या त्याच्या दुप्पट. गाळ साचायला लागला की आधी बारीक नळी तुंबते. म्हणून पुष्कळांच्या बाबतीत ही तक्रार म्हणजे काही वर्षांनी येणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ सूचना असते, आणि सरकार पैसे खर्च करतंय ते त्यासाठी.

"आणि हा पट्टा काय करतो?" तेजस्विनीने विचारलं होतं.

निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते, डॉक्टर म्हणाल्या. स्वप्न कसलंही असो. त्या वेळी मन पहाऱ्यावर नसतं, शरीर आपली यंत्रणा आपणच चालवून बघतं. पट्टा पाच रात्री ते मोजतो. प्रकाशाने रक्ताचा वेग, घामातून हार्मोन, त्वचेतून मज्जातंतूंचा वेग. मग कुठल्या कारणाचा किती वाटा, ते सांगतो.

पट्ट्याने सांगितलं होतं. पाच रात्रींत एकोणीस वेळा. इंद्रजितच्या शरीराची यंत्रणा विशीतल्या पोरासारखी चालत होती.

*

अहवालानंतर रंकाळ्याच्या फेऱ्या बंद झाल्या. कुणी बंद केल्या नाहीत. तेजस्विनीला वह्या तपासायच्या असायच्या, मग इंद्रजितही चप्पल पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. चहात साखर परत आली, हे मात्र त्याला पहिल्या घोटालाच जाणवलं.

चार वर्षांपूर्वी तेजस्विनीच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. बेंबीखाली आडवा व्रण राहिला होता आणि त्यानंतर तिचं वजनही वाढलं होतं. इंद्रजित खोलीत आला की ती आता आरशासमोरून बाजूला व्हायची. एकदा ती साडी नेसत असताना तो आत आला, तर तिने पदर घाईने पोटावर ओढून घेतला. बारा वर्षांच्या संसारात तिने असं कधी केलं नव्हतं.

त्याने तिला समजावलं की तसं काही नाही. तिने विचारलं, मग कसं आहे? ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटायचं. ती नुसती विचारायची, भूगोलाच्या प्रश्नासारखं, आणि उत्तराची वाट बघायची. ऑफिसातल्या नव्या मोजणी सहायक बाईंबद्दल तिने एकदाच विचारलं. तो नाही म्हणाला. तिने विश्वास ठेवला, आणि मग तिचा चेहरा आणखीनच उतरला. दुसरी बाई असती तर निदान कारण हाती लागलं असतं.

"साखर होती तेव्हा बरं होतं," ती एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "तेव्हा आपण दोघं एका बाजूला होतो."

दुसऱ्या चाचणीची माहिती तिलाच मिळाली. ज्यांच्या अहवालात मनाचा वाटा मोठा येतो त्यांच्यासाठी ती होती, ऐच्छिक. डॉ. मुजावरांनी दोघांना आधीच बजावलं. मन म्हणजे इच्छा नव्हे, त्या म्हणाल्या. आपल्या शरीरात दोन व्यवस्था असतात, आपल्या हुकमाबाहेरच्या. एक सैलावते, पचवते, झोपवते, आणि ताठरताही तिच्याच अखत्यारीत येते. दुसरी संकटात जागी होते. ती जागी झाली की अॅड्रिनलिन सुटतं, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे पळतं. वाघासमोर उभ्या माणसाला दुसरं काही सुचू नये अशीच ही रचना आहे. दुकानातल्या गोळ्या निरोप आल्यावर मदत करतात, निरोपच दाबला गेला तर त्यांचं फारसं चालत नाही. ही चाचणी फक्त एवढंच दाखवते की कुठला आवाज ऐकल्यावर कुठली व्यवस्था जागी होते. का होते, ते दाखवत नाही.

"नाही केली तरी चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "कधी कधी न केलेलीच बरी."

तेजस्विनी इंद्रजितकडे बघत होती. तो हो म्हणाला. आकड्याला तो आजवर कधी नाही म्हणाला नव्हता.

*

शनिवारी सकाळी त्याला एका आरामखुर्चीत बसवलं. बोटांना चिमटे, छातीवर दोन चकत्या, कानात आवाज. तेजस्विनी काचेपलीकडे डॉक्टरांच्या शेजारी बसली होती. तिने आदल्या दिवशी आपल्या आवाजात रोजची तीन वाक्यं रेकॉर्ड करून दिली होती. त्यांत सहा अनोळखी बायकांचे आवाज मिसळले होते, आणि इंद्रजितच्या परवानगीने त्या मोजणी सहायक बाईंचाही. पडद्यावर एक निळी रेघ सरकत होती.

अनोळखी आवाजांना रेघ सरळ राहिली. सहायक बाईंनाही. तेजस्विनीच्या आवाजाचं पहिलं वाक्य आलं आणि रेघ वर चढली. दुसऱ्याला ती उभीच्या उभी उसळली. बोटांतलं रक्त ओसरलं, हृदयाचे ठोके मिनिटाला बहात्तरवरून एकशे आठवर गेले. इंद्रजित खुर्चीत शांत बसला होता. त्याला वाटलं, बायकोचा आवाज ऐकून बरं वाटलं आपल्याला.

डॉक्टरांनी तो पडदा लगेच बंद केला, पण तेजस्विनीने पाहिलं होतं.

"ही भीती आहे का?" तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या की शरीर तिला धोक्यासारखं घेतंय असं म्हणता येईल, पण त्याचा अर्थ...

"मी यांना कधी वरच्या आवाजात बोलले नाही हो," तेजस्विनी म्हणाली. तिने हे इंद्रजितला नाही, डॉक्टरांनाच सांगितलं, आणि पर्स उचलून बाहेर जाऊन बसली.

त्याच आठवड्यात दिवाळीची सुट्टी लागली. लेकीला, ओवीला, घेऊन ती गडहिंग्लजला थोरल्या बहिणीकडे गेली. दरवर्षी ती भाऊबीज झाल्यावर जायची. या वर्षी वसुबारसेलाच गेली.

*

इंद्रजित रोज कामावर गेला. कागल, हातकणंगले, पन्हाळा. मीटर लावायचा, आकडे लिहायचा, शिक्का मारायचा. एका स्टेशनवरच्या माणसाने फराळाचं ताट पुढे केलं, तर त्याने ते तसंच परत दिलं. संध्याकाळी घरी येऊन तो त्या निळ्या रेघेचाच विचार करत बसे. घाबरतो? तेजूला? तिच्या नुसत्या असण्याने त्याला घर घर वाटायचं. मग ती रेघ कुणाची होती? आपल्याच अंगात कुणी दुसरा माणूस राहतो, आपल्याला न विचारता घाबरतो, आणि त्याची शिक्षा तिला होते. त्या माणसाला कुठे गाठायचं?

पाडव्याच्या आदल्या दिवशी डॉ. मुजावरांनी स्वतः फोन करून त्याला बोलावलं. केंद्र रिकामं होतं. त्यांनी विचारलं, ती तीन वाक्यं वेगवेगळी ऐकवू का? पहिलं होतं, 'डबा घेतला का?' रेघ थोडी हलली. तिसरं होतं, 'ओवीला आज तुम्ही आणा.' तीही तेवढीच. मग त्यांनी मधलं लावलं.

'अहो, जरा इकडे या.'

या वेळी पडदा त्याच्यासमोर होता. रेघ उसळलेली त्याने स्वतः पाहिली. आणि पहिल्यांदाच त्याला आपले हात गार पडलेले कळले.

"हे वाक्य कुठलं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याने बोटांवरचे चिमटे एकेक करून काढले. मग म्हणाला, बाथरूममधलं.

चार वर्षांपूर्वीचा एक रविवार होता. तेजस्विनीला दिवस गेले होते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता. सकाळी नळी फुटली. तिला वाटलं, पोटात मुरडा आलाय. बाथरूममधून तिने नेहमीच्याच आवाजात हाक मारली, अहो, जरा इकडे या. इंद्रजित फोनवर होता, कुठल्याशा बदलीच्या यादीबद्दल सहकाऱ्याशी बोलत होता. आलो, म्हणाला, आणि बोलत राहिला. बारा मिनिटं. कॉल किती वेळ चालला ते त्याने नंतर फोनमध्ये पाहिलं होतं.

तो गेला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. बाहेर रक्त फारसं नव्हतं, सगळं पोटात साचत होतं. ओठ पांढरे झाले होते. तिने त्याच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि त्याच्या हातांतच तिची मान कलली. पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. लिफ्ट. रुग्णवाहिकेची फळी. तिच्या हाताचा थंडपणा. सही करायला पुढे केलेला कागद. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं सर्जन कुणाला तरी सांगत होते आणि ते त्याने ऐकलं होतं. नातेवाईक मात्र म्हणत होते की इंद्रजित होता म्हणून वाचली.

तेजस्विनीला यातलं काहीच आठवत नव्हतं. तिच्या लेखी पोट दुखलं, जाग आली तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं, पंधरा दिवसांत ती उठून कामाला लागली. बारा मिनिटांचं त्याने तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. आणि ते दिवस कुणामुळे गेले होते, हे तर सांगायची गरजच नव्हती.

त्याला हाक मारायची तिची ती एकच रीत होती. डबा उघडत नसला तरी, पोळी गरम वाढायची असली तरी, आणि रात्री खोलीचं दार लोटून घेतल्यावरही.

*

पाडव्याला तो गडहिंग्लजला गेला. मेहुणीने काही विचारलं नाही, चहा ठेवला. तेजस्विनी मागच्या अंगणात पेरूखाली ओवीच्या केसांना तेल लावत होती. ओवीला मावशीने आत बोलावून घेतलं.

त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. फोन, बारा मिनिटं, ओठांचा रंग, सर्जनचं बोलणं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, तेलाच्या वाटीकडे बघत होता. तेजस्विनी ऐकून घेत होती. ती रडेल किंवा चिडेल असं त्याला वाटलं होतं. तिने बराच वेळ आपले तेलकट हात एकमेकांवर चोळले.

"चार वर्षं हे एकट्यानं घेऊन बसलात?" ती म्हणाली.

मग तिने शिक्षिकेसारखं त्याला एकेक मुद्दा समजावला. एक नळी काढलेली आहे, दुसरी बांधलेली आहे. पुन्हा दिवस जायचा प्रश्नच नाही. ती जिवंत आहे, समोर बसली आहे, बारा मिनिटं माफ आहेत. आता भ्यायचं कशाला? तो म्हणाला, कळतंय. आणि त्याला खरंच सगळं कळत होतं.

येताना एसटीत ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. कारण सापडलं होतं. दोघांनाही वाटलं, आता संपलं.

संपलं नाही. पहिल्या प्रयत्नाला शरीराने पाठ फिरवली तेव्हा दोघं चक्क हसले, सवय जायला वेळ लागेल म्हणाले. दुसऱ्यांदा ती हसली, तो हसला नाही. पाचव्यांदा दोघंही छताकडे बघत पडून राहिले. डॉ. मुजावरांनी समुपदेशकाकडे पाठवलं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी घाई न करायला सांगितलं, काही महिने नुसत्या स्पर्शाचे व्यायाम दिले, बारा मिनिटांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली. इंद्रजितने ती इतक्यांदा सांगितली की ती दुसऱ्या कुणाची तरी वाटू लागली. पण अंगातला तो दुसरा माणूस काही ऐकत नव्हता. त्याला नळ्या बांधल्याचं सांगून उपयोग नव्हता, त्याला भाषाच येत नव्हती.

तेजस्विनीने ते वाक्य सोडून दिलं. तिने ठरवलंही नव्हतं, पण तोंडातून येईनासं झालं. आधी ती 'येताय का?' म्हणू लागली. मग तेही नको म्हणून ओवीकडून निरोप पाठवू लागली. मग फोनवर मेसेज, घरातल्या घरात. गॅसवरचं भांडं उतरवायला तो हवा असला तर ती ओट्यावर पळीने दोनदा वाजवायची. शाळेत मुलींना मात्र ती पूर्वीसारख्याच मोकळ्या आवाजात शिकवायची. घरी आली की तिचा आवाज खाली उतरायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, काही झालं का ते पाहायला.

त्याला ते दिसायचं. तो चेहरा हलू न द्यायचा प्रयत्न करायचा. त्याने चेहरा आवळून धरलेला तिला दिसायचा.

*

सहा महिन्यांनी फेरचाचणी झाली. इंद्रजितच्या बाजूला फारसा फरक नव्हता. रेघ उसळायची ती उसळलीच, सहा महिन्यांच्या प्रयत्नांनी ती दोन-तीन ठोक्यांनीही खाली आली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की काहींना वर्ष लागतं, काहींना जास्त, आणि काहींच्या बाबतीत, खरं सांगायचं तर, आम्हाला कळत नाही.

तेजस्विनी उठता उठता पुन्हा बसली. म्हणाली, माझी करता येईल का?

डॉक्टर नको म्हणाल्या. तिने हट्ट धरला. इतके दिवस यांचं मोजतोय, एकदा माझंही मोजा. तिला नेमकं काय हवं होतं ते इंद्रजितला लगेच कळलं. तिला आपली सरळ रेघ त्याला दाखवायची होती. बघा, माझं शरीर तुमच्याजवळ किती निवांत असतं, असं तिला त्याला सांगायचं होतं, त्याच्या भाषेत, आकड्यात.

खुर्चीत ती बसली. या वेळी काचेपलीकडे तो होता. त्याच्या आवाजातली तीन साधी वाक्यं तिथल्या तिथे रेकॉर्ड केली. अनोळखी आवाज आले, रेघ सरळ. मग त्याचा आला.

रेघ वर गेली.

त्याच्याइतकी नाही. पण गेली, आणि दुसऱ्या वाक्याला आणखी वर गेली, आणि खाली यायला वेळ लागला. इंद्रजितने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"ही नवी असणार," त्या हळू म्हणाल्या. "सहा महिन्यांतली."

तेजस्विनी खुर्चीतून विचारत होती, झालं का, कशी आली? काचेमुळे तिचा आवाज इकडे येत नव्हता, नुसते ओठ हलताना दिसत होते. इंद्रजितला वाटलं, आकडा खोटा सांगावा. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. सरळ आली म्हणावं. पण दार उघडून आत जाईपर्यंत तिने त्याचा चेहरा वाचला होता.

दोघं चालत निघाले. महावीर उद्यानाच्या कोपऱ्यावर चहाची गाडी होती, बाकडं रिकामं होतं. तिथे बसले. उन्हं कलली होती आणि उद्यानात मुलं दंगा करत होती. चहावाल्याने विचारलं तेव्हा इंद्रजितने दोन बोटं वर केली.

तो बोलला नाही हे तेजस्विनीच्या लक्षात आलं. केंद्रातून निघाल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. तीही नव्हती. आपल्या आवाजाने शेजारच्याच्या अंगात काय होतं हे आता दोघांनी पडद्यावर पाहिलं होतं, आणि दोघंही एकमेकांना त्यापासून वाचवत बसले होते.

"बोला ना," ती म्हणाली.

त्याचा हात गार पडला. छातीत ती ओळखीची उसळी आली. त्याला मोजायला आता पडदा लागत नव्हता. त्याने ती येऊ दिली, थांबून राहिला, आणि ती न ओसरताच तिच्याकडे वळला.

"तेजू, साखर कमी सांगू का?" त्याने विचारलं.

पर्सच्या बंदावरची तिची बोटं घट्ट झाली. तिने नजर मात्र वळवली नाही.

"सांगा," ती म्हणाली.